धुतलेलं सूत

६ जानेवारी, सोमवार

रीळ ४ पण गेलं.

सकाळी काचेच्या नळीत बसवलं, वरून लाल पाणी सोडलं. पहिल्या खेपेला रंग साफ. मी लगेच खूश, आपला स्वभावच उतावळा. दुसऱ्या खेपेला पाणी राखाडी. म्हणजे सुतावरची चांदी सुताला सोडून चालती झाली. तिसऱ्या खेपेला लाल आत गेलं आणि लालच बाहेर आलं.

बिराजदार सर शेजारी उभे. माझे गाइड रागावत नाहीत, हीच त्यांची वाईट सवय. "मग पयलं रीळ कसं काय चाललं?" एवढंच विचारलं. मला माहीत असतं तर काय हवं होतं.

रीळ १ सप्टेंबरात केलेलं. तेच सूत पुन्हा पुन्हा वापरलं, चांदी हलली नाही. त्यावरच अख्खं प्रकरण लिहिलं, गोषवारा पाठवला, सरांनी चार लोकांना कौतुकानं सांगितलं. फेब्रुवारीच्या शेवटी पीएच.डी.च्या सबमिशनच्या आधीचा सेमिनार. आणि २, ३, ४ तिन्ही नापास.

८ जानेवारी, बुधवार

चुलतबहीण आलेली, लग्नाची पत्रिका घेऊन. "तू नक्की करतेस काय गं तिकडं?"

सांगितलं. सांगोल्याकडची डाळिंबं रसवंतीवाल्याकडं येतात, त्यांची सालं आणते. सालींतनं तंतू काढते, डोळ्याला न दिसणारे. त्यांची दह्यासारखी लगदी होते. तिच्यावर पॉलिमर चढवते, म्हणजे तंतू एकमेकांत गोळा होत नाहीत आणि वर चांदीचे कण बसायला जागा होते. मग रंगखान्याच्या पाण्यात हे आणि थोडं औषध टाकलं की रंग तुटतो. पण पावडर पाण्यातनं परत काढणं म्हणजे डोकेदुखी. म्हणून मी ते सगळं सुतावर बसवते. सूत रिळाला गुंडाळायचं, पाण्यात सोडायचं, काम झालं की उचलून घ्यायचं.

ती म्हणाली, "वा." अम्मा आतून म्हणाली, "एवढं सगळं करून शेवटी सूतच. ते घरात होतंच की."

मग बहिणीनं बँकेचा विषय काढला. "पर्मनंट नोकरी होती ना गं तुझी?" अम्मानं चहाची भांडी जरा जोरात घासली.

९ जानेवारी, गुरुवार

कालचं डोक्यातनं जाईना. नोकरी करत चाललेल्या पीएच.डी.चं शेवटचं वर्ष पूर्णवेळ द्यायला म्हणून गेल्या जूनमध्ये बँक सोडली, तेव्हा अम्मानं माझ्याशी बोलणं टाकलं नव्हतं, भाषा बदलली होती. घरात आम्ही तेलुगूच. मराठी अम्माची बाहेरची भाषा, भाजीवाल्याशी, मागाच्या शेडच्या मालकाशी. आणि मी राजीनामा दिला त्या दिवसापासून माझ्याशी. "जेवान झाकून ठेवलंय." "दाराला कडी लाव." अख्खा पावसाळा असा गेला. एकाच खोलीत मी तिची गिऱ्हाईक असल्यासारखी.

दिवाळीत पहाटे पुन्हा तेलुगूत म्हणाली, "बिड्डा, ये, तेल लावते." झालं, संपलं. कोणी कुणाला काही विचारलं नाही. आम्ही दोघीच आहोत घरात, जास्त ताणून कुठं जाणार.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. अम्माला गड्ड्याच्या जत्रेत नेलं. तिनं बांगडीवालीला माझ्याकडं बोट दाखवून सांगितलं, "ही माझी लेक. न्यानो करती." बांगडीवालीनं मान डोलावली, जशी काही तिची सून पण तेच करते.

गर्दीत तिचा हात धरला. किती खरखरीत झालाय. बोटांच्या पेरांना चिरा पडल्यात, एकीतनं रक्त येऊन सुकलेलं. विचारलं तर हात काढून घेतला. "थंडी आहे." सोलापुरात थंडी. बरं.

१७ जानेवारी, शुक्रवार

रीळ ५. या वेळी पॉलिमर दुप्पट घेतलं. कायटोसन, कोळंबीच्या कवचापासनं निघतं. सर पक्के शाकाहारी, बाटली चिमट्यानं धरल्यासारखी धरतात आणि वर म्हणतात मी विज्ञानवादी आहे.

जोडणारं रसायन घातलं, ओव्हनमध्ये सुकवलं, सगळं वहीत लिहिल्याप्रमाणं. दुसऱ्या खेपेला राखाडी.

जेवणाचा डबा उघडला. भाकरी, शेंगाचटणी, आणि अम्मानं वर एक तिळाची वडी ठेवलेली. ती बघून उगाच डोळे भरले. नापास रिळाबरोबर तिळाची वडी.

२० जानेवारी, सोमवार

सरांनी खुर्ची ओढून बसायला सांगितलं. खुर्ची ओढली की विषय गंभीर.

"लावण्या, सूत सोडून दे. पावडरीवर प्रबंध हुतो की. सुताचं प्रकरण काढून टाकू."

"सर, पण रीळ १ खरं होतं."

"व्हय. मी बघितलंय. पण एकदाच झालं ते झालंच न्हाई असं धरायचं. आपल्या धंद्यात असंच असतंय."

बरोबर आहे त्यांचं. म्हणून जास्त लागलं. पावडरीवर डिग्री मिळेल. पण पावडर घेऊन रंगखानेवाला काय करणार, गाळत बसणार? सुताचं तसं नाही. सूत आमच्या गल्लीत पोरांना पण गुंडाळता येतं. सगळ्या प्रबंधात माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच आहे. बाकीचं जगभर लोकांनी केलेलं, मी सोलापुरात परत केलं.

सरांकडनं सेमिनारपर्यंत मुदत मागून घेतली. तोवर नाही जमलं तर प्रकरण काढायचं. हो म्हणाले, पण चष्मा पुसत.

२२ जानेवारी, बुधवार

रीळ १ च्या वेळेस वेगळं काय होतं? रसायनं तीच कंपनी, तीच बाटली. सालं वेगळ्या हंगामाची, पण त्यानं एवढा फरक पडू नये. पाणी? ओव्हन? मी?

सूत तर तेच. शेजारी नागेश अण्णांची शेड, अम्मा तिथं सुताच्या कांड्या भरायला जाते. मागावरचा बीम संपला की शेवटी ताण्याचं, म्हणजे उभं, थोडं सूत उरतं, ते ती माझ्यासाठी मागून आणते. हल्ली तर छान लडी करून, पिशवीत घालून ठेवते.

कधीकधी वाटतं रीळ १ मी स्वप्नात बघितलं.

२५ जानेवारी, शनिवार

सापडलं.

सकाळी टाकी भरली का बघायला गच्चीवर गेले. अम्मा तिथं. विटांवर पातेलं, खाली लाकडं, पातेल्यात सूत उकळतंय. शेजारी सोड्याची पुडी. हातातल्या काठीनं ढवळत होती. मला बघून काठी मागं लपवली, जशी काही मी तिची सासू.

"हे काय?"

"तुझं सूत."

"माझं सूत उकळतेस कशाला?"

"मग? खळ लावलेलं सूत तसंच देऊ कॉलेजात? खळ काढल्याशिवाय सुतावर काही बसतं का? तुझे बाबा रंगाला घालायच्या आधी काय करायचे?" मग जरा हळू, "तुला त्यातलं काही कळत नाही मला. पण धुणं तरी कळतं."

खळ. ताण्याचं सूत मागावर तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात, पिठाची पेज आणि आत अजून काय काय. आणि रंगवायच्या आधी ती उकळून काढतात. आमच्या घरात हे शाळेत जायच्या आधीपासून माहीत. मलाही. इतकं माहीत की मी कधी विचारलंच नाही. प्रबंधात सरळ लिहून टाकलं, "खळ काढलेलं सुती सूत".

विचारलं, "सप्टेंबरात पण धुतलेलंस? पहिल्यांदा?"

"तेव्हा कुठं." पातेल्यातच बघत राहिली. "तेव्हा आपण बोलत नव्हतो ना. तूच कोपऱ्यातनं उचलून नेलंस."

मी पायरीवर बसले. हसू का रडू कळेना. अम्माला वाटलं चक्कर आली, पाणी आणायला पळाली.

२७ जानेवारी, सोमवार

आयोडीनचा थेंब. रीळ १ च्या वेळचं सूत थोडं कपाटात उरलं होतं. थेंब पडला, काळंनिळं. म्हणजे खळ आहे. रीळ २ ते ५ चं सूत, काही नाही. पिवळट डाग, बस्स.

सरांना दाखवलं. दोन्ही डाग उजेडात धरून बघितले. मग हसायला लागले ते थांबेचनात, चष्मा काढून डोळे पुसले. "आपण दोघं सोलापूरचे, म्हणून फसलो बघ. बाहेरच्या पोरानं बाजारातनं सूत आणून हाय तसं बुडवलं असतं. धुवायचं त्याच्या मनात तरी आलं असतं का?"

बहुधा असं आहे. खळ हेच पॉलिमर. आमचं कायटोसन तिला धरून बसतं, आणि तंतू नि चांदी दोघांच्या मधे अडकतात. खळ काढली की सूत गुळगुळीत, कशाला काही धरायलाच नाही. बहुधा. अजून काही सिद्ध नाही.

म्हणजे बिनबोलण्याच्या दिवसांतलं सूत पास. मायेनं धुतलेलं सगळं नापास. हे प्रबंधात कुठल्या प्रकरणात घालायचं?

३० जानेवारी, गुरुवार

अम्माला सांगितलेलं नाही.

गच्चीवर लडी वाळत घातल्यात. आज तिनं त्यांना लाल दोऱ्यानं गाठी मारल्या, "तुला मोजायला बरं." मी तिच्या समोर लडी मोजून दाखवल्या.

१ फेब्रुवारी, शनिवार

नागेश अण्णांच्या शेडवर स्वतः गेले. न धुतलेलं सूत घेतलं, ओढणीखाली लपवलं. चोरी करावी तसं. अण्णा मागाच्या खडखडाटात ओरडून विचारत होते, "अम्माकडनं पाठवलं असतं की, तुमी कशाला आलाव?" मी हात हलवून पळाले.

५ फेब्रुवारी, बुधवार

रीळ ६, न धुतलेलं. पहिली खेप साफ. दुसरी साफ. तिसरी साफ. पाणी पाण्यासारखं.

सरांनी त्यांच्या डब्यातली गव्हाची हुग्गी माझ्या झाकणात वाढली. मी बोलायला गेले तर "खा आधी".

रंग गेला म्हणजे पाणी प्यायचं झालं असं नाही, रंग तुटून दुसरं काही होतं, ते वेगळं काढायचं. हे सर रोज एकदा म्हणतात. आज म्हणाले नाहीत.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

व्हायचं ते झालं. नळावर अण्णांच्या बायकोनं अम्माला विचारलं, "तुमची लावण्या स्वतः सूत न्यायला लागली का?"

घरी आले तर अम्मा दारात. मराठीत म्हणाली, "तुमाला आमचं सूत नको असंल तर तसं सांगायचं हुतं."

तुमाला. मला.

लडी सगळ्या पलंगावर काढून ठेवलेल्या. लाल गाठी मारलेल्या. भाजी झाकून ठेवली होती. तिनं तोंड भिंतीकडं केलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

लॅबला गेले नाही. आयोडीनची छोटी बाटली घरी आणलेली होतीच.

स्वयंपाकघरात तिच्या समोर बसले. ताटात भाताचं शीत ठेवलं, थेंब टाकला, निळं. "हे पीठ असलं की निळं होतं." मग न धुतलेल्या सुतावर, निळं. "ही खळ." मग तिच्या लडीवर. काही नाही.

सगळं सांगितलं. चांदीला बसायला खळ लागते. पहिलं चाललं कारण खळ होती. नंतरची नाही चालली.

तिनं लडी उलटीपालटी करून बघितली. मग, "म्हणजे मी धुतलं म्हणून तुझं बिघडलं."

खोटं बोलायची इच्छा झाली, खूप झाली. पण ती माझ्या तोंडाकडं बघत होती. "हो," म्हटलं.

"तीन महिने?"

"हो, अम्मा. पण तू धुतलं नसतंस तर मला कधी कळलंच नसतं का चालतं ते. मी असंच लिहून दिलं असतं खोटं, आणि कुणीतरी मला चारचौघांत पकडलं असतं."

हे खरं आहे. सांत्वनासाठी म्हटलं, पण म्हणताना कळलं की खरं आहे.

तिनं बाटली माझ्या हातातनं घेतली. धुतलेल्या लडीवर एक थेंब. मग दुसरीकडं एक. गाठीच्या खाली, जिथं काठी पोचणं अवघड, तिथं पण एक. कुठंच निळं नाही. तिची मान जराशी वर गेली. माझी आई आहे ती, मला दिसतं.

मग तिचे हात धरले. या वेळी काढून नाही घेतले. पेरांना तूप लावलं. सोड्यानं झालंय हे सगळं, थंडीबिंडी काही नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

सर म्हणाले, नुसतं चालतं दाखवून भागत नाही, चालत नाही ते पण शेजारी ठेवावं लागतं. म्हणजे एकाच बीमचं सूत, अर्धं धुतलेलं, अर्धं न धुतलेलं. दोन्हीवर सगळं सारखं करायचं.

अम्माला विचारलं, अर्धं धुशील का.

"जे चालत नाही ते कशाला धुवू?"

"चालत नाही हे दाखवायला."

"म्हणजे मी मुद्दाम नापास व्हायचं?"

"हो."

सोड्याची पुडी झटकून बघितली. मग तेलुगूत म्हणाली, "सोडा संपलाय, येताना आण." हातमोजे पण आणले. घालून बघितले, "यात मला सूत कळत नाही," म्हणून काढून ठेवले. भांडले. शेवटी घातले, पण एकाच हातात.

१९ फेब्रुवारी, बुधवार

धुतलेली तीन, न धुतलेली तीन. एकाच दिवशी, एकाच हातानं केलेली. धुतलेली तिन्ही राखाडी. न धुतलेली दोन चांगली, तिसऱ्याची चांदी चौथ्या खेपेला किंचित सुटली.

सर त्या तिसऱ्यावर अडले. "हे का?" माहीत नाही. खळ सगळीकडं सारखी बसलेली नसेल. की दुसरंच काही. माहीत नाही असंच लिहायचं ठरलं. सुताचं प्रकरण राहिलं. नाव बदललं.

२३ फेब्रुवारी, रविवार

अम्मा विचारत होती, सेमिनारला घरचे आलेले चालतात का. सहज विचारल्यासारखं, भाजी निवडता निवडता. चालतात म्हटलं. तेव्हापासून दोनदा कपाट उघडून साड्या बघून झाल्यात.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

झाला सेमिनार.

अम्मा शेवटच्या रांगेत, हिरवी साडी, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली. सगळं इंग्रजीत. तिला एक अक्षर कळलं नसणार, पण स्लाइड बदलली की मान पुढं करून बघायची.

मी बोलले बरी. सुताचं प्रकरण आलं, दोन फोटो शेजारी शेजारी, एक चांदी टिकलेलं काळपट सूत, एक राखाडी पाण्यातलं. बाहेरून आलेले तज्ज्ञ पुढं वाकले. त्यांचा पहिला प्रश्न. खळ प्रत्येक शेडची वेगळी, कुणी पीठ जास्त घालतं, कुणी दुसरं काही. तुम्ही एका शेडच्या खळीवर प्रकरण उभं केलंत. दुसऱ्या शेडचं सूत आणलं तर चालेल याची खात्री काय?

खात्री नाही, म्हटलं. करून बघावं लागेल.

सर खाली बघत होते. तज्ज्ञांनी काहीतरी लिहिलं. मग दुसरा प्रश्न. धुतलेल्या सुतात खळ अजिबात उरली नव्हती, हे कशावरून? धुतलं कुणी, कसं?

आयोडीनचे फोटो दाखवले. मग म्हटलं, माझ्या आईनं. सोड्यात उकळून, गच्चीवर. मागं बसल्यात त्या.

सगळा हॉल वळला. अम्मा आधी स्वतःच्या मागं बघायला लागली, कोण आलंय म्हणून. मागं भिंत. मग तिच्या लक्षात आलं आणि तिनं पदर सारखा केला.

निकाल आज नाही. कमिटी बसेल, कळवतील. कदाचित आणखी शेडची सुतं आणून परत करायला सांगतील, कदाचित सुताचं प्रकरण काढायला. सर म्हणाले, "काय हुईल ते बघू." त्यांना पण माहीत नाही, आवाजावरनं कळलं.

रिक्षा मिळेना म्हणून चालत निघालो. ऊन आताच एवढं, पुढं काय होणार. अम्मा सावलीसावलीनं चालत होती. मग तेलुगूत, अगदी खालच्या आवाजात विचारलं, "सगळे माझ्याकडं का बघत होते? चुकलं का काही?"

"नाही गं. धुतलेल्यात खळ उरली होती का विचारत होते. काही उरलं नव्हतं म्हणून सांगितलं."

"मग तुझं चाललं का?"

"अजून कळलं नाही. परत करावं लागेल बहुतेक. दुसऱ्या शेडची सुतं घेऊन."

तिनं मान हलवली. चौकापर्यंत विचार करत चालली, पर्स छातीशी धरून. रस्ता ओलांडताना माझा दंड पकडला आणि म्हणाली, "मग पुढच्या वेळी मी जरा कमी धुते."

मी हो म्हटलं.